थियाचा खेळ बघायला निघालेली बस

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ठरवून टाकलं. थियाला ब्रॉडवेवरच्या त्या गाजणाऱ्या संगीत नाटकात काम मिळून बरेच महिने झाले आणि सख्ख्या आईने ते अजून पाहिलेलं नाही. दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी विचारतंच, "मग रोझ, पाहिलंस का लेकीला?" मी "जाणारच आहे" म्हणते आणि घाईने गाडीकडे वळते.

घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. थिया नाटकात आहे, पण रोज रंगमंचावर नाही. ‘पर्ल बटन’ म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या बटणांच्या कारखान्यातल्या बायकांचा संप, आणि त्यात नऊ जणींचा नाच. त्या नऊही जणींच्या जागा थियाला पाठ आहेत. कुणाला ताप आला, कुणाचा पाय मुरगळला, की त्या जागी थिया उभी राहते. सगळ्या ठणठणीत असल्या की ती केस बांधून, बूट चढवून मागच्या खोलीत पडदा पडेपर्यंत बसून राहते. नाटकवाले याला स्विंग म्हणतात. बर्नीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांचं वाईट चिंतायचा पगार." बर्नी चर्चच्या गायकवृंदात माझ्या डाव्या हाताला उभी असते आणि गेली कित्येक वर्षं तिचा सूर जरासा चढा लागतो. मी दर रविवारी सांगते.

थियाला स्वतःलाच ऐन दुपारी कळतं की आज आपण आहोत. आमच्या मिल रिजहून न्यूयॉर्क तीन तास. "आई, तू कशी पोचणार वेळेत?" ती म्हणते. बरोबरच आहे. म्हणून आता मी नशिबावर सोडणार नाही, नीट आखणी करून जाणार आहे. गावातल्या शाळेत मी आयुष्यभर संगीत शिकवलं, साठ पोरांची सहल एकही पोर न हरवता नेली आहे. एक नाटक काय अवघड आहे?

१५ फेब्रुवारी, शनिवार

एमिल आज पुन्हा जर्सीला, स्टीव्हकडे. एमिलच्या या चुलत भावाने तळघरात खेळण्यातल्या आगगाड्यांचं अख्खं गाव वसवलंय, आणि टपाल खात्यातून सुटल्यापासून माझ्या नवऱ्याला त्याचा नाद लागलाय. आज टाय लावून निघाला. मी म्हटलं, "आगगाड्यांना टाय लागतो?" तर म्हणे, "स्टीव्हची बायको जेवायला थांबवून घेते."

परत आला तो भलताच खुशीत. भांडी पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होता, पायाने ठेका चालू. तिसरी मात्रा ओढत होता, तसं सांगितलं. मग थांबला.

थियाने सरावाची छोटी चित्रफीत पाठवली आहे. दोनदा पाहिली. पोरगी सुरेख नाचते. लगेच फोन करून डावा खांदा वर जातोय ते सांगितलं, श्वास कुठे घ्यायचा तेही सांगितलं. "हो आई," म्हणाली आणि घाईत फोन ठेवला. बिचारीला फार काम असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

देव पावला! त्या नऊ जणींतल्या ब्रिन नावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. सात एप्रिलपासून आठवडाभर रजा. अचानक आजारपण नाही, आधी मंजूर झालेली रजा, म्हणजे त्या आठवड्यात तिच्या जागी रोज आमची थिया. बातमी आणली एमिलने.

"तुला कोण म्हणालं?"

"थियाच बोलली बहुतेक. फोनवर."

"मी कुठे होते तेव्हा?"

"तू फादर मायरॉनना प्रार्थना कुठल्या पट्टीत म्हणावी ते समजावत होतीस."

असेल. मी लगोलग नऊ एप्रिल, बुधवार दुपारचा खेळ पक्का केला आणि चर्चमध्ये जाहीर करून टाकलं की गावातून बस निघणार. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत नाटक चालेल का, अशी काहींना शंका. फादर म्हणाले, "संपाचं नाटक आहे ना? म्हणजे हालअपेष्टा असणारच. चालेल." संध्याकाळपर्यंत अर्धी बस भरली.

३ मार्च, सोमवार

तिकिटं आली. चाळीस सज्जात, आणि मला एक खाली तिसऱ्या रांगेत. नकाशा पसरून बसले होते तेवढ्यात एमिल मागून म्हणाला, "सज्जात डावीकडची घेऊ नकोस, मध्ये खांब येतो."

"तुला काय माहीत?"

"नकाशात असेल."

नकाशात खांब नाही. इतकं मोठं नाट्यगृह आणि नकाशा असा अर्धवट. त्यांना एक पत्र लिहून टाकलं. जागा मात्र उजवीकडच्या करून घेतल्या.

थियाला फोन केला तर ती म्हणाली, "चाळीस जण? एकदम?"

"तुझंच गाव आहे, परकं नाही."

"त्यांचं काही नाही गं. तू कुठे बसणारेस?"

"तिसऱ्या रांगेत."

"तू पण वर बस ना सगळ्यांबरोबर. मजा येईल."

"वरून पाय नीट दिसत नाहीत."

"तेच तर," ती म्हणाली. तिचं आणखी काही बोलणं चाललं होतं, पण फोनमध्ये खरखर आली. तिला आनंद इतका झाला असावा की धड बोलवेना.

२० मार्च, गुरुवार

शुक्रवारच्या विक्रीसाठी चर्चच्या तळघरात पिरोगी करायला जमलो होतो. बटाटे उकडायचे, पाऱ्या लाटायच्या, सारण भरून कडा मुरडायच्या. हात चालू आणि तोंडं त्याहून जोरात. सगळ्यांच्या डोक्यात बसच. केस कुठे करायचे, डब्यात काय न्यायचं, नाट्यगृहाच्या स्वच्छतागृहात रांग किती असते.

बर्नीच्या कडा नेहमीसारख्या जाड. उकळत्या पाण्यात त्या फुटतात, म्हणून मी तिच्या परातीतल्या काही उलगडून पुन्हा मुरडल्या. तर ती सगळ्यांदेखत म्हणते, "रोझ, तू स्वर्गाच्या दारात पोचलीस ना, तरी आत जायच्या आधी बिजागऱ्या बघशील."

सगळ्या खिदळल्या. मला कळेना त्यात हसण्यासारखं काय. एवढं मोठं दार, बिजागरी बघायला नको?

घरी आले तर एमिल पुन्हा जर्सीला गेलेला. टेबलावर चिठ्ठी. आगगाड्यांचा नवा बोगदा म्हणे.

७ एप्रिल, सोमवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे ब्रिनचं लग्नच मोडलं. नवरदेव शनिवारी उठून म्हणाला की मला अजून वेळ हवाय. ब्रिनने रजा रद्द केली आणि उद्यापासून ती कामावर. थियाचा फोन होता. "आई, ती आल्या आल्या म्हणाली, घरी बसले तर वेडी होईन, मला नाचू द्या. कोण नाही म्हणणार?"

मी तरी काय म्हणणार? पण गेला महिनाभर आमचा सगळा गाव त्या पोरीच्या लग्नासाठी प्रार्थना करत होता. तिची आईसुद्धा करत नसेल इतकी.

"म्हणजे बुधवारी तू नाहीस."

"बहुतेक नाही. तुम्ही नाटक बघा, आई. फार छान आहे." तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. उलट सुटल्यासारखी वाटली. दमली असेल.

८ एप्रिल, मंगळवार

काय लिहू? जेवताना झालं.

बस रद्द करायची का, यावर माझं बोलणं चाललं होतं. ज्या मुलीसाठी अख्खा गाव चाललाय तीच मागच्या खोलीत बसणार. मी म्हटलं, "तिचं नशीबच असं. इतके महिने झाले, घरच्या एकाही माणसाने पोरीला तिथे नाचताना पाहिलेलं नाही."

एमिलने काटा खाली ठेवला. "मी पाहिलंय."

"काय पाहिलंयस?"

"तिला. तीनदा."

मी आधी आगगाड्यांबद्दलच विचारलं, माणूस अशा वेळी काहीतरी भलतंच विचारतो. स्टीव्हने आगगाड्या गेल्या वर्षीच विकून टाकल्या. दुपारी थियाचा फोन यायचा, "बाबा, आज मी आहे," की हा टाय लावून गाडी काढायचा. तो टाय, ते गुणगुणणं, तो खांब. सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी नाट्यगृहाला पत्रं लिहीत बसले होते.

"तिने तुला बोलावलं," मी म्हटलं. "मला का नाही?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "रोझ, तू बघत नाहीस. तपासतेस."

"मी तिच्या भल्यासाठी सांगते."

"माहितीये. तिलाही माहितीये. पण ती म्हणाली, बाबा समोर असले की मी नाचते आणि आई समोर असली की परीक्षा देते. तिला निदान पहिले काही खेळ परीक्षेविना करायचे होते."

"मग काय, डोळे मिटून बसू मी?"

मी उठून नळ सोडला आणि रडले. राग जास्त की दुःख जास्त, हे मला ठरवता येत नव्हतं. नवरा खोटं बोलला म्हणून राग. पण खोटं त्याचं, आणि ऐकवेना ते त्याचं खरं. माझी मुलगी एवढ्या मोठ्या शहरात, हजार परक्या माणसांपुढे बिनधास्त नाचते आणि घाबरते ती मला.

एमिलला सांगितलं, बस जाऊ दे, तू जा, मी येणार नाही. माझं तिकीट बर्नीला दे.

९ एप्रिल, बुधवार

मी रुसले आहे हे मला मान्य आहे.

बस गेली. खिडकीतून पाहिलं, बर्नीने केस फुगवून घेतलेत, तिच्या मागे बसणाऱ्याला काही दिसणार नाही. एमिल बसच्या पायरीवर थांबून आमच्या घराकडे बघत होता. मी पडदा सोडला.

शुक्रवारची विक्री तर आहेच, आणि सगळे हात न्यूयॉर्कला. म्हणून चर्चच्या तळघरात एकटीच पिरोगी मुरडत बसले. एकटीने करायचं काम नाही ते. सगळ्या कडा एकसारख्या झाल्या आणि सांगायला कुणी नाही.

दुपारी फोन वाजला. पिठाच्या हाताने उचलला. बर्नी. मागे नुसता गलका.

"रोझ! मध्यंतर झालंय. ऐक, ती ब्रिन, जिचं लग्न मोडलं ती. अगं काय तावातावाने नाचत होती, नवरदेवालाच तुडवत असल्यासारखी. शेवटच्या गिरकीत पाय मुरगळला. लंगडत लंगडत आत गेली. आणि आत्ता सांगितलं त्यांनी, पुढच्या अंकात तिच्या जागी थिया हाव्रिला, आपली थिया!"

मी खालीच बसले, बटाट्याच्या पोत्यावर.

"वर सज्जात आपला अख्खा गाव ओरडत उभा राहिला, खाली मी," बर्नी सांगत होती. "मागची बाई म्हणते, बसा. मी म्हटलं, बाई, ती आमची आहे. रोझ, ऐकतेस ना? तू इथे असायला हवी होतीस गं." मग तिला रडू फुटलं आणि घंटा झाली.

दुसरा अंक मी तळघरात घड्याळाकडे बघून काढला. आता ती आत आली असेल, आता तो बटणांच्या पेट्यांचा नाच असेल. पिरोगी उकळून उकळून फुटल्या. त्या माझ्या होत्या, बर्नीच्या नाही.

संध्याकाळी थियाचा फोन आला.

"आई, वर सगळे होते. बाबा होते. तिसऱ्या रांगेत तुझ्या जागेवर बर्नीमावशी. मी तुला शोधत होते."

"बाबांनी सांगितलं मला, तू काय म्हणालीस ते."

मग ती म्हणाली, "तुला हे असं कळायला नको होतं."

"खोटं आहे का पण?"

"नाही." आणि पुढे, "ब्रिन महिनाभर तरी नाचू शकत नाही. उद्या संध्याकाळी मी आहे. तू ये. एकटी ये."

"मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "एक शब्दसुद्धा."

"ते तुला जमणार नाही आई," ती हसली. "पण ये."

११ एप्रिल, शुक्रवार

काल गेले. मधल्या रांगेत कडेचं सुटं तिकीट मिळालं. कार्यक्रमपत्रिका उघडली तशी त्यातून एक चिठ्ठी मांडीवर पडली: आज ब्रिनच्या जागी थिया हाव्रिला. शेजारच्या गृहस्थांनी आपली चिठ्ठी वाचली आणि बायकोला म्हणाले, "घ्या, बदली माणूस." मी त्यांना म्हटलं, "ती बदली माझी आहे." त्यानंतर त्यांनी मला स्वतःहून लिमलेटची गोळी दिली.

पडदा वर गेला आणि थिया आली. मला ती नऊ जणींत एका क्षणात सापडली. खरं तेच लिहायचं तर, पहिली दहा मिनिटं मी तपासतच होते. काय करू? माझे डोळे तसेच आहेत. कान धरून त्यांना दुसरीकडे वळवता येत नाही. डावा खांदा वर. इथे श्वास कमी पडला. इथे बरा. मी ओठ घट्ट मिटून बसले, जणू ती तिथून ऐकेल.

मग दुसऱ्या अंकातला पेट्यांचा नाच आला. नऊ जणींच्या हातात लाकडी पेट्या, त्या ठेक्यावर एकमेकींकडे फेकतात आणि झेलतात. तिसऱ्या मुलीच्या हातून पेटी निसटली. पडली ती नेमकी मागच्या रांगेच्या वाटेत. चार मुली पाठमोऱ्या गिरक्या घेत तिकडेच येत होत्या. एकीचा जरी पाय त्यावर पडला असता तर ती आडवीच झाली असती.

थिया दोन जागा पलीकडे होती. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या लाथेला पाय नुसता थोडा लांब टाकला, आणि पेटी घरंगळत पडद्याआड गेली. त्याच झोकात तिने आपल्या हातातली पेटी त्या मुलीकडे फेकली, आणि पुढचा सगळा नाच रिकाम्या हातांनी केला. हात असे धरून, की पेटी आहेच. एकही मात्रा चुकली नाही. नऊ जणींची ओळ जशीच्या तशी.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच कळलं नव्हतं. शेजारचे गृहस्थ भलत्याच मुलीसाठी टाळ्या वाजवत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं, अहो, पाहिलंत का, तिने काय केलं ते पाहिलंत का? ओरडले नाही. पण त्यानंतर खांदा कुठे गेला ते मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांना पाणी होतं आणि मी नुसती बघत होते.

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी उभी राहिले. सह्या घ्यायला आलेली माणसं मोठ्या नटांसाठी थांबली होती. थिया आली तेव्हा तिच्याकडे कुणी वळलं नाही. ती सरळ माझ्यासमोर आली आणि डॉक्टरपुढे उभं राहतात तशी उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली. "पटकन सांगून टाक."

"ती पेटी," मी म्हटलं.

"कुठली?"

"तिसऱ्या मुलीची. पडली ती. तू पायाने सरकवलीस आणि आपली तिला दिलीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला दिसलं ते?"

"दिसणार नाही?"

"आई, कुणालाच दिसलं नाही. आत आमच्या माणसांना दिसलं नाही. तिला स्वतःला वाटतंय की पेटी तिच्याच हातात होती." तिचा आवाज फुटला. "आम्ही रोज असलंच काहीतरी करतो, आणि ते कुणाला दिसलं नाही तरच ते बरोबर झालं असं धरायचं."

"मला दिसलं," मी म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. रंग लागला कोटाला, लागू दे.

मग तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि तोंड जरा तिरकं करून विचारलं, "आणि माझं? माझं काय चुकलं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी जिभेवर होतं.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं.

ती इतकी हसली की सह्या घेणारी माणसं वळून बघायला लागली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही अंडी आणि बटाटे खाल्ले. तिने माझ्या ताटातले बटाटे संपवले आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "शनिवारी दुपारीही मी आहे. येशील?" मी म्हटलं, बघते. मग म्हटलं, येते.

आज घरी आले तर एमिल दारातच. "कशी झाली?"

"फार सुंदर."

तो वाट बघत उभा राहिला. "आणि?"

"आणि काही नाही."

एक आहे, दुसऱ्या अंकाच्या शेवटी. ते मी इथेही लिहीत नाही.